सोळा वर्षांच्या मुलासाठी लष्करी शिस्तीचं निवासी शिबिर: सल्ला हवा

चुनाभट्टीकर
भाच्याला १६ पूर्ण झाली. नववी नापास, त्यानंतर शाळा बंद. दिवसभर नाक्यावर, रात्री दोनपर्यंत मोबाईल, शिवाय गुटखा. पोलिसांत काही भानगड नाही. बहिणीला कुणीतरी सांगितलंय, मिलिटरीवाल्यांच्या निवासी अकॅडमीत सहा महिने टाका, सुतासारखा सरळ होईल. मुंबईपासून चार-पाच तासांवर असं काही चांगलं आहे का? आणि बघायला गेल्यावर नेमकं काय विचारावं?

पीटी_मास्तर
आधी जे जमणारच नाही ते बाजूला काढा. साताऱ्याच्या सैनिक स्कूलला प्रवेश सहावीत आणि नववीत, तोही परीक्षेतून. नववीला वय १३ ते १५. नाशिकचं भोसला ही १९३७ पासूनची रीतसर शाळा आहे, पोरं दुरुस्त करायचं गॅरेज नव्हे. एनसीसीत नाव शाळा-कॉलेजातूनच लागतं.

उरल्या खासगी भरती अकॅडम्या. तिथलं सगळं भरतीच्या मोजपट्टीवर चालतं. पोलीस शिपायाला बारावी पास आणि १८ वर्षं लागतात. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत ४५ टक्के आणि साडेसतरा वर्षं. नववी नापास मुलगा सहा महिने रोज १६०० मीटर पळेल, पण फॉर्म भरता येणार नाही. तो घरी आल्यावर आधीपेक्षा जास्त भडकलेला असेल.

तुमच्या मनात जे आहे त्याच्या जवळचा नमुना अमेरिकेत आहे, नॅशनल गार्डचा (तिथल्या राखीव लष्कराचा) ‘यूथ चॅलेंज’, १९९३ पासूनचा. शाळा सुटलेली १६ ते १८ वर्षांची मुलं, फी नाही, आणि मुलगा राजी असेल तरच प्रवेश. २२ आठवडे राहायचं. त्यातले पहिले दोन नुसते रुळण्याचे, मग अभ्यास, कामाचं कौशल्य, आरोग्य, समाजसेवा. कवायत आहे, पण ती यातली एक गोष्ट. त्यानंतर घरी आल्यावर १२ महिने एक मोठा माणूस मुलाच्या पाठीशी असतो, आणि तो बहुधा मुलानेच आपल्या ओळखीतून सुचवलेला असतो. चिठ्ठ्या टाकून काही अर्जदारांना प्रवेश दिला, काहींना नाही, आणि तीन वर्षांनी तुलना केली, तर प्रवेश मिळालेल्या मुलांकडे शालेय प्रमाणपत्रं जास्त होती आणि कमाई साधारण २० टक्क्यांनी जास्त.

याउलट तिथलेच नुसत्या दरडावणीचे बूट कॅम्प. त्यांनी गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही. २००६ मध्ये फ्लोरिडात १४ वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी मारहाणीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. राज्याने ते कॅम्पच बंद केले. म्हणून संस्थेत गेलात की ग्राउंड मागाहून बघा. परत आल्यावर वर्षभर कोण विचारपूस करणार, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी या प्रश्नावर बोलती बंद होते.

समुपदेशक_परळ
मास्तरांशी सहमत. भेटीला जाल तेव्हा न कळवता, संध्याकाळी सहा-सातला जा. वॉर्डन रात्री मुलांच्या मजल्यावरच झोपतो का? १४ वर्षांचे आणि १९ वर्षांचे एकाच खोलीत आहेत का? असतील तर तिथूनच मागे फिरा. आठवड्यातून एकदा फोन मिळावा आणि बोलताना शेजारी कुणी उभं नसावं. शिक्षा काय देतात, हे मुलांना विचारा, संचालकांना नको. फी महिन्याने द्या, सोडल्यास परतावा किती ते लिहून घ्या.

आणि शरीराचं बघा. सहा महिने बसून असलेल्या पोराला पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळवलं की नडगी धरते, पुढे हाडाला चीर पडते. पहिले तीन आठवडे चालणं आणि हलकं पळणं, एवढंच हवं. शिक्षा म्हणून शेकड्याने उठाबशा काढायला लावल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते स्नायू फुटल्याचं लक्षण. मूत्रपिंडावर येतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

गुटख्याचं आत्ताच बघा. तोंड उघडून त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? जात नसतील तर मुंबई सेंट्रलला नायर डेंटलमध्ये दाखवा. सोडवण्यासाठी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६. रात्रीची जाग, चिडचिड यामागे दुसरं काही आहे का, यासाठी केईएम किंवा सायनची मानसोपचार ओपीडी. हे अकॅडमीच्या आधी.

चुनाभट्टीकर
धन्यवाद दोघांनाही. बहिणीचा बेत असा की त्याला ‘फिरायला जाऊ’ सांगून थेट तिथे सोडायचं. दुसरं म्हणजे, डोंगरी किंवा माहीमच्या सरकारी होममध्ये ठेवता येतं का?

समुपदेशक_परळ
फसवून अजिबात नेऊ नका. अशी मुलं पहिल्या आठवड्यातच पळतात. १८ खालचं मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा नोंदवला जातो, मग पोलीस स्टेशनच्या चकरा. त्याला दोन जागा दाखवा, एक त्याला निवडू द्या.

डोंगरी, माहीमला पालक थेट नेऊन ठेवू शकत नाहीत. बालकल्याण समितीचा किंवा बाल न्याय मंडळाचा आदेश लागतो. तुमचं प्रकरण तिथलं नाहीच.

पीटी_मास्तर
माझं मत विचाराल तर या वर्षी निवासी नकोच. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा, नाहीतर एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा. सकाळी सहाला शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब, किंवा घराजवळ कबड्डीचा संघ. दुपारी वायरमन किंवा एसी मेकॅनिकच्या हाताखाली. दहावी झाली की आयटीआय, आणि साडेसतराला अग्निवीरचा फॉर्मही भरता येईल. भरती अकॅडमीचा खर्च तेव्हा करा, कारणी लागेल.

कुर्ला_नेहरूनगर
१७ नंबरसाठी मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळेत अजून नाव असेल तर आधी ते काढून दाखला घ्या, आणि आधार कार्डावरचं नाव-जन्मतारीख दाखल्याशी जुळते का ते तिथेच उभं राहून तपासा. दुरुस्तीत महिना जातो आणि फॉर्मची मुदत टळते.