बीबीसी मायक्रो आणि १२०० चा मॉडेम: निम्मे आकडे बरोबर, निम्मे कचरा

कोपरीकर:
ठाणे पूर्वेला घरी बीबीसी मायक्रो हा ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश संगणक, मॉडेल बी आहे. १९८४-८५ च्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात शाळांना मिळाले होते ना, त्यातलाच, भंगारात निघाला तेव्हा उचलला. त्याला बाहेरचा, सेकंदाला १२०० बिट वेगाचा मॉडेम (फोनच्या वायरीवरून डेटा पाठवणारं यंत्र), दुसरा मॉडेम लॅपटॉपला, मध्ये टेलिफोनची वायर. दोघं जुळतात, कॅरिअरचा, म्हणजे जोडणी झाल्याचा, दिवा लागतो. पण बीबीसीवरून ० ते ९ टाइप केलं की लॅपटॉपवर ०, ३, ५, ६, ९ स्वच्छ आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी प्रश्नचिन्हं. दरवेळी हेच. कॅपिटल ए, बी, डी येतात, सी येत नाही. बीबीसीत व्ह्यूडेटाचा (फोनवरून माहितीची पानं दाखवणारी जुनी पद्धत) टर्मिनल रॉम, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, आहे. काय बघू?

खारेगाव_नाका:
आधी वायर बदला. डायल-अपच्या काळी पावसाळ्यात लाइनला खरखर आली की आमच्याकडे स्क्रीनभर महिरपी कंस पडायचे. वेगही तपासा, बीबीसीला *एफएक्स ७,४ (घेण्याचा वेग) आणि *एफएक्स ८,४ (पाठवण्याचा वेग), दोन्ही आदेश द्यावे लागतात.

तुर्भे_निवृत्त:
वायरीला हात लावू नका. खरखर काय गणित शिकून येते, नेमके १, २, ४, ७, ८ च खायला? आणि वेग चुकला असता तर एकही अक्षर धड आलं नसतं.

उमेदीची वर्षं टीटीसी औद्योगिक वसाहतीत सिरीयल केबली सोल्डर करण्यात गेली, म्हणून सांगतो: हा पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडायला जोडलेल्या जादा बिटचा, घोळ आहे. १ चा आस्की कोड (अक्षराचा ठरलेला क्रमांक) ४९, म्हणजे बायनरीत ११०००१. त्यात एक तीनदा, विषम. ईव्हन पॅरिटी असेल तर बीबीसी आठवा बिट चढवून बेरीज सम करतो. लॅपटॉप ८ बिट, नो पॅरिटीवर बसलाय, तो त्यालाच डेटा समजतो आणि १७७ वाचतो. ३ म्हणजे ५१, त्यात एक चारदा, म्हणून तो सुखरूप. तुमचे पाचही बिघडलेले आकडे मांडून बघा, सगळे विषम निघतील. सी पण.

रॉम व्ह्यूडेटाचा आहे म्हणालात तिथेच उत्तर होतं. ब्रिटनची प्रेस्टेल ही व्ह्यूडेटा सेवा ७ बिट, ईव्हन पॅरिटीवर चालायची. मॉडेम बिचारा निर्दोष: ७ अधिक पॅरिटी काय किंवा नुसते ८ काय, स्टार्ट-स्टॉप धरून दोन्हीकडे १० बिटच, त्याला फरक कळत नाही.

लॅपटॉपवर ७-ईव्हन-१ (७ डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट) करा. नाहीतर बीबीसीवर *एफएक्स १५६,२०,२२७ द्या, म्हणजे ८-नो-१. पण रॉम सुरू झाल्यावर द्या, आधी दिलंत तर रॉम स्वतःचंच परत बसवण्याची शक्यता आहे.

कोपरीकर:
काका, लॅपटॉपवरच्या मिनीकॉम या टर्मिनल प्रोग्राममध्ये ७-ईव्हन-१ केलं, दहाही आकडे आले! आता *एफएक्स वाला मार्गही करून बघतो, ८ बिट लागतीलच पुढे फाइल पाठवायला.

खारेगाव_नाका:
मानलं. कोपरीकर, रात्रभर चालू ठेवू नका मात्र. त्या पॉवर सप्लायमधले जुने पारदर्शक आवरणाचे फिल्टर कपॅसिटर तडकलेले असतात आणि एक दिवस धूर काढतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक्स२ (मेन्सवर लावायचे) कपॅसिटर मागा, किरकोळ खर्च आहे.

तुर्भे_निवृत्त:
आणि उघडण्याआधी प्लग काढून थोडं थांबा. आत मेन्सचा चार्ज उरतो.