मदत हवी आहे: माइनक्राफ्टमध्ये राजगड बांधतोय, दगड पुरत नाहीये

माचीवाला

नमस्कार मंडळी,

भाचरांनी यंदा सोसायटीच्या पार्किंगमधल्या मातीच्या किल्ल्यासोबत माइनक्राफ्ट या ब्लॉक रचायच्या कॉम्प्युटर गेममध्येही किल्ला करायचं काढलंय आणि त्यात मामाला ओढलंय. गड ठरला राजगड. तोही सर्व्हायव्हल मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक ब्लॉक स्वतः खणून आणायचा. क्रिएटिव्हचं नाव काढलं तर धाकटी म्हणते, "आयते दगड घेऊन बांधला तर तो गड कसला?" यावर काय बोलणार!

पद्मावती माची कशीबशी उभी राहिली. आता घोडं अडलंय संजीवनीवर. ज्यांनी ती माची पाहिलीय त्यांना कल्पना असेल: तिथे चिलखती तटबंदी आहे, म्हणजे आत एक भिंत, बाहेर एक भिंत आणि मधे माणूस उतरून चालत जाईल एवढी चर. दगड थेट दुप्पट लागतो. सुवेळा माचीला निदान नेढं (खडकातलं आरपार भोक) आहे, तेवढे चार ब्लॉक तरी वाचतील.

सध्याची परिस्थिती अशी. जावा एडिशन, पीसीवर, घरातल्या घरात छोटा सर्व्हर. हिऱ्याची पिकॅक्स (कुदळ), त्यावर एफिशिअन्सी ४ (खणण्याचा वेग वाढवणारा मंत्र) आणि अनब्रेकिंग ३ (कुदळ जास्त टिकवणारा). पाणी आणि लाव्हा भेटवून कॉबल (कॉबलस्टोन, म्हणजे फुटका दगड) सतत तयार करणारा साधा जनरेटर केलाय. मुलं आळीपाळीने त्याच्यासमोर उभी राहून माउस दाबून ठेवतात. मग ते कॉबल फर्नेसमध्ये टाकायचं, दगड झाला की त्याच्या विटा. कोळसा तर डोळ्यांदेखत संपतो.

प्रश्न एवढाच: असे चार-पाच जनरेटर आणखी करू, की सरळ एखादा डोंगर फोडायला घेऊ? आणि बीकनचा (आसपास खणायचा वेग वाढवणारा ब्लॉक) खरंच उपयोग होतो का? टीएनटी सुचवू नका, मागच्या उन्हाळ्यात काय झालं ते आठवतंय म्हणून मीच बंद ठेवलंय.

रेडस्टोनराव

जनरेटर वाढवू नका. दोन कारणं आहेत आणि दुसरं सहसा कुणी सांगत नाही.

पहिलं, ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे गेमच्या नेहमीच्या जगात, लाव्हा एक ब्लॉक पुढे सरकायला दीड सेकंद घेतो. तुमची कुदळ कितीही धारदार असली तरी पुढचा कॉबल तयार व्हायची वाट बघावीच लागणार.

दुसरं कारण कठीणपणाचं. गेममध्ये प्रत्येक ब्लॉकला एक आकडा असतो. साध्या दगडाचा १.५, कॉबलस्टोनचा २, खोलवरच्या डीपस्लेटचा ३. हिऱ्याच्या पिकॅक्सचा मूळ वेग ८, एफिशिअन्सी ५ ने त्यात २६ ची भर, म्हणजे ३४. बीकनचा हेस्ट २ (वेगवाढीची दुसरी पातळी) असेल तर त्याच्या १.४ पट, म्हणजे ४७.६. ब्लॉक एका टिकमध्ये (सेकंदाचा विसावा भाग), हात लागताच फुटायचा असेल तर हा वेग कठीणपणाच्या ३० पटीच्या वर जावा लागतो. दगडाला ४५ लागतात, तुमच्याकडे ४७.६ आहेत. फुटला! कॉबलला ६० लागतात. तिथे हिऱ्याहून वरचढ नेदराइटची पिकॅक्स घेतली तरी ४९ वरच गाडी थांबते. जावामध्ये ब्लॉक असा लगेच फुटला नाही की प्रत्येक ब्लॉकनंतर एक बारीकसा थांबा येतो, आणि हजारो ब्लॉक फोडताना खरा वेळ तो थांबाच खातो.

थोडक्यात, कॉबल जनरेटरसमोर उभं राहून बीकन लावणं म्हणजे पैसे पाण्यात. तोच बीकन डोंगरात लावा, भिंतीतून चालत गेल्यासारखं वाटेल.

तुमची एफिशिअन्सी ४ आहे, ती आधी ५ करा. एन्चान्टिंग टेबलवर हिऱ्याला ५ मिळत नाही. ४ वाल्या दोन पिकॅक्स अॅनव्हिलवर जोडा, किंवा लायब्रेरियन गावकऱ्याकडून पुस्तक घ्या.

तायडे

स्टोनकटर वापरताय ना? नसाल तर आजच करा. पायऱ्या क्राफ्टिंग टेबलवर केल्या तर ६ दगडांत ४ मिळतात, स्टोनकटरवर एकाला एक. राजगडावर पायऱ्या किती आहेत ते चोर दरवाज्याने चढलेल्याला विचारा.

आणि ब्लास्ट फर्नेसमध्ये कॉबल जात नाही, तो फक्त खनिजं आणि धातूंसाठी. आमच्याकडे एकाने सहा करून ठेवले होते.

माचीवाला

तायडे, स्टोनकटर नव्हता. केला. धन्यवाद!

रेडस्टोनराव, हिशोब पटला. पण डोंगर फोडून मिळणार कॉबलच ना? मग स्मेल्टिंग आहेच. शिवाय बीकन करायचा म्हणजे विदर हा राक्षस मारणं आलं. धाकटी नऊ वर्षांची आहे, तिला ते तीन तोंडांचं प्रकरण झेपेल का?

रेडस्टोनराव

झेपेल, उलट तीच पुढे असेल बघा. विदरला उघड्यावर बोलावू नका. खोल जमिनीखाली अरुंद बोगदा करा आणि तिथे जागवा, म्हणजे तो उडत सुटत नाही. खरा त्रास त्याला जागवायला लागणाऱ्या तीन कवट्या जमवण्याचा आहे. विदर स्केलेटनकडून कवटी पडायची शक्यता अडीच टक्के. लूटिंग ३ (जास्त लूट मिळवून देणारा मंत्र) असलेली तलवार असेल तर साडेपाच. आधी ती तलवार करा.

कॉबलचा प्रश्न सिल्क टच या मंत्राने सुटतो. सिल्क टच आणि एफिशिअन्सी एकाच पिकॅक्सवर चालतात. दगड फोडला की दगडच हातात येतो, फर्नेस नाही, कोळसा नाही. मात्र साधा दगड फोडून एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळत नाही, त्यामुळे एक्सपीवर कुदळ दुरुस्त करणाऱ्या नुसत्या मेंडिंगवर विसंबू नका. खाणीतून अधूनमधून बाहेर पडून कुठूनतरी एक्सपी आणावा लागेल.

जागा म्हणून स्टोनी पीक्स बायोम (प्रदेश) शोधा. वर माती नाही, गवत नाही, सरळ दगड. तिथे कॅल्साइटचे पट्टे लागतील, ते सोडून द्या. वरून खाली या, पण वाय, म्हणजे उंचीचा आकडा, शून्याच्या जवळ आला की थांबा. त्याखाली डीपस्लेट आहे आणि तिथे हेस्ट २ सुद्धा कमी पडतो. बीकन खाणीच्या तळाशी ठेवा, कारण खालच्या दिशेला त्याला मर्यादा आहे, वरच्या दिशेला तो पार आकाशापर्यंत चालतो. त्याच्या डोक्यावर फक्त मोकळं आकाश लागतं. पूर्ण चार थरांच्या बीकनला १६४ लोखंडी ब्लॉक लागतात, म्हणजे १४७६ इनगॉट (लोखंडाच्या लगडी). आयर्न फार्म (आपोआप लोखंड देणारी रचना) नसेल तर हे वाचून खचू नका, आधी फार्म करा.

एक हिशोब: संजीवनीची तटबंदी १५० ब्लॉक लांब, ८ उंच, २ जाड धरा. दोन भिंतींचे ४८०० ब्लॉक. एका शुल्कर बॉक्समध्ये (मालासकट उचलून नेता येणारी पेटी) १७२८ मावतात, म्हणजे तीन बॉक्समध्ये अख्खी माची. वाटतं तेवढं काम नाही हे.

गुंजवणेकर

सगळं वाचलं. तांत्रिक बाजू वरच्यांनी सांगितलीच आहे, पण मला मुळात एक खटकतंय. राजगड राखाडी दगडाचा का बांधताय?

सह्याद्री बेसॉल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. गडाचा चिरा हात लावून पाहिलात तर काळपट, आणि पावसाळ्यात ओला झाला की जवळजवळ काळाच. गेममधल्या स्टोन ब्रिकने बांधलात तर तो युरोपातला एखादा कॅसल दिसेल. गेममध्ये बेसॉल्ट आहे, नेदरमध्ये (गेममधलं पाताळ) ढिगाने आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

बेसॉल्टचा कठीणपणा १.२५. रेडस्टोनरावांच्याच सूत्राने एका टिकसाठी ३७.५ हवेत. हिऱ्याची पिकॅक्स, एफिशिअन्सी ५ आणि फक्त हेस्ट १: ३४ च्या १.२ पट, ४०.८. झालं काम. हेस्ट १ ला बीकनचा एकच थर पुरतो, ९ लोखंडी ब्लॉक, ८१ इनगॉट. कुठे १४७६ आणि कुठे ८१! एका थराच्या बीकनचा पल्ला मात्र २० ब्लॉकच असतो, तो पुढे सरकवत राहावा लागेल. विदर तर मारावा लागेलच, त्यातून सुटका नाही. आणि बेसॉल्ट फोडला की बेसॉल्टच मिळतो, सिल्क टचही नको.

बेसॉल्ट डेल्टाज बायोम गाठा. मॅग्मा क्यूब (उड्या मारत अंगावर येणारे राक्षस) त्रास देतील, लाव्हाची डबकी जागोजागी आहेत, फायर रेझिस्टन्सचं औषध पिऊनच जा. नेदरमध्ये बीकन चालतो का असं लोक विचारतात. चालतो. बीकनच्या वरचा सगळा माल थेट छतापर्यंत खणून काढायचा, छताचा न फुटणारा बेडरॉक बीकनच्या झोताला अडवत नाही.

तायडे

पण बेसॉल्टच्या पायऱ्या होत नाहीत. स्लॅब नाही, वॉल नाही. बुरुजाची गोलाई कशी काढणार?

गुंजवणेकर

बरोबर. त्यासाठी ब्लॅकस्टोन, तोही डेल्टाजमध्ये बेसॉल्टच्या शेजारीच मिळतो. पायऱ्या, स्लॅब, वॉल, विटा सगळं होतं. भिंतीचं अंग बेसॉल्टचं, चऱ्या आणि पायऱ्या ब्लॅकस्टोनच्या. ब्लॅकस्टोन हेस्ट १ ने हात लावताच नाही फुटणार, त्याला दगडाइतकेच ४५ लागतात, पण त्याची गरजही कमी आहे.

माचीवाला

मंडळी, इथे घरात आता भांडण लागलंय. मोठ्याला डेल्टाजमध्ये जायचंय, धाकटी म्हणते मला मॅग्मा क्यूब आवडत नाहीत, जनरेटरच बरा. बेसॉल्टचा जनरेटर असतो का हो? असला तर तिला तिथे बसवतो.

रेडस्टोनराव

असतो, आणि कॉबलच्या जनरेटरपेक्षा बरा. सोल सॉइलवर (नेदरमधली माती) लाव्हा वाहत आला आणि त्याच्या बाजूला ब्लू आइस असला की त्या लाव्हाचा बेसॉल्ट होतो. पाणी लागतच नाही, त्यामुळे नेदरमध्ये चालतो. नेदरमध्ये लाव्हा तिप्पट वेगाने वाहतो, दीड सेकंदाचा अर्धा सेकंद होतो. ब्लू आइस तिथे वितळत नाही.

मांडणी सोपी आहे. सोल सॉइलचा एक ब्लॉक जमिनीच्या पातळीला. त्याच्यावरच्या रिकाम्या जागेच्या एका बाजूला लाव्हाचा स्रोत, दुसऱ्या बाजूला ब्लू आइस, तिसरी बाजू बंद, चौथीकडून धाकटी. स्रोत मात्र नीट बंदिस्त करा, नाहीतर लाव्हा धाकटी उभी आहे तिथपर्यंत येईल.

तायडे

ब्लू आइसचा खर्च सांगून ठेवते: ९ साध्या बर्फाचा एक पॅक्ड, ९ पॅक्डचा एक ब्लू. म्हणजे ८१ बर्फ, आणि तो सिल्क टचनेच काढावा लागतो. पण एकच ब्लॉक पुरतो, तो खर्च होत नाही.

माचीवाला

८१ बर्फ आणि ८१ इनगॉट. मोठा बर्फाकडे निघाला, धाकटी लोखंड मोजतेय. कवट्यांचं काम माझ्या गळ्यात आलंय. लूटिंगचं पुस्तक कुणाकडे जास्तीचं पडलं असेल तर सांगा, बदल्यात कॉबल देतो. भरपूर आहे.