लग्न कोणाचं, हे सरकारने ठरवावं का?

कोयनाकाठ (कऱ्हाड):
आमच्या घरात तिसऱ्या पिढीची वारी आहे. लग्न बाईपुरुषाचं, अंतरपाट धरून, अक्षता टाकून. हे माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही. पण गेल्या श्रावणात पुण्यात चुलतभावाचं अपेंडिक्स फुटलं. तो आणि त्याचा जोडीदार नऊ वर्षं एका घरात राहतात. दवाखान्यात 'रुग्णाशी नातं' या रकान्यात त्या पोराने 'मित्र' लिहिलं. सही रक्ताच्या नातेवाइकाचीच हवी म्हणाले. मी तातडीने निघालो आणि खंबाटकीत अडकलो. पोचलो तेव्हा तो दाराशी उभा होता, मुठीत भावाचा चष्मा. काच घामाने पार धुरकटलेली.
माझ्या देवघरात सरकारने डोकावू नये, असं मी जन्मभर बोलत आलो. मग त्यांच्या घरात कोण कोणाचं, हे तरी सरकारने का ठरवायचं?

माणदेशी:
दादा, वाईट वाटलं वाचून. पण समलिंगी लग्नाची नोंद दिली म्हणजे सरकारने मान्यताच दिली. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं, लग्न हा मूलभूत हक्क नाही. कायदा करायचा तर संसदेने करावा. न्यायालयाने आपल्या हद्दीत राहणं हीसुद्धा सत्तेची मर्यादाच की. 1891 ला संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला तो याचसाठी: परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये.

विश्रामबागवाली (सांगली):
टिळक आणलेत तर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकरही आणा. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करायलाही कायदाच लागला. आणि सरकार घरात शिरतं म्हणजे काय, ते मला विचारा. आमचं आंतरजातीय लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. 30 दिवस आमची नावं कचेरीच्या फळ्यावर. कोण ना कोण वाचून बाबांना येऊन सांगायचं. ते जेवता जेवता ताटावरून उठायचे. इंग्लंडात 2013 ला हुजूर पक्षाच्याच कॅमेरॉन सरकारने समलिंगी विवाहाचा कायदा केला. चर्चवर सक्ती नाही. तसंच इथे भटजींवर नको, पण नोंद द्या.

वकील, सातारा:
वाद चालू द्या, कागद आधी करा. दोघांची मृत्युपत्रं, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवा. संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही, अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये तसं स्पष्ट केलंय. उपचारांबाबत कोणाला विचारायचं, तेही लिहून सही करून ठेवा.

कोयनाकाठ:
माणदेशीभाऊ, संसदेनेच करावा, कबूल. पण तोवर त्या पोराने दारातच थांबायचं का? मला तरी ते पटत नाही. ताई, फळ्याचं वाचून जेवण गेलं नाही. वकीलसाहेब, रविवारी दोघं कऱ्हाडला येतायत. एक साक्षीदार मी. दुसरी सही आईची चालेल ना? ती मोडीत करते.