जिवंत लशीतला जंतू ‘दुर्बल’ कसा केला जातो?

प्रश्न
लशींविषयी वाचताना ‘जिवंत पण दुर्बल केलेले जंतू’ हा उल्लेख वारंवार येतो. उष्णतेने किंवा रसायनाने जंतू मारता येतो, हे समजते. परंतु त्याला जिवंत ठेवून केवळ रोग निर्माण करण्याची शक्ती काढून घेणे कसे साधते, आणि ती शक्ती त्याला पुन्हा मिळणार नाही याची खात्री काय, हे मला उलगडलेले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १
पहिला दुर्बल जंतू माणसाला आयताच मिळाला. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरच्या, गाईपासून लागलेल्या देवीच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला, आणि पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचूनही त्या मुलाला देवी आल्या नाहीत. (जखमेतून झिरपणाऱ्या द्रवालाही आपण लसच म्हणतो.) क्षयाच्या बाबतीत असा सौम्य भाऊबंद हाताशी नव्हता, म्हणून फ्रान्समधील लील येथे काल्मेत आणि गेरँ यांनी तो घडवला. गाईगुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू त्यांनी ग्लिसरीन आणि पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला, दर काही आठवड्यांनी त्यातला थोडा उचलून नव्या कापावर ठेवला, आणि हे १९०८ पासून १३ वर्षांत सुमारे २३० वेळा केले; पहिल्या महायुद्धात ते शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले, तरीही काम थांबले नाही. बटाट्यावर जगायला जनावराच्या शरीरात लागणारी हत्यारे लागत नाहीत, त्यामुळे ती गमावलेले वंशजही तिथे सुखाने वाढतात. १९२१ मध्ये हाच जंतू बीसीजी लस म्हणून प्रथम माणसाला देण्यात आला. त्याचा जनुकांचा एक अख्खा तुकडाच गळून पडला आहे, हे आता ठाऊक झाले आहे, आणि गळालेला तुकडा आपोआप परत येत नाही.

प्रतिसाद २
वरील खात्री प्रत्येक लशीला लागू पडत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. तोंडावाटे देण्याच्या साबिन यांच्या पोलिओ लशीतील विषाणू मोजक्याच जनुकीय बदलांमुळे सौम्य झालेला असतो. त्यामुळे लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत तो दीर्घकाळ फिरत राहिला, तर क्वचित ते बदल उलटतात आणि तो पुन्हा पक्षाघात घडवू शकतो. म्हणूनच अनेक देशांनी साल्क यांच्या पद्धतीची, फॉर्माल्डिहाइडने विषाणू मारून केलेली लस स्वीकारली. दुसऱ्या प्रकारच्या पोलिओसाठी आता विषाणूची जनुकीय रचना मुद्दाम अधिक स्थिर केलेली तोंडावाटेची लसही वापरली जाते.

प्रतिसाद ३
दुर्बलतेची मला सर्वांत सुंदर वाटणारी युक्ती नाकात फवारण्याच्या फ्लूच्या लशीत आहे. तिचा विषाणू २५ अंश सेल्सिअसला वाढण्याची सवय लावून तयार केलेला असतो, त्यामुळे तो नाकाच्या थंड भागात वाढून प्रतिकारशक्तीला जागे करतो, पण फुप्फुसाच्या उबेत त्याची वाढ खुंटते. असा विषाणू कोंबडीच्या गर्भ धरलेल्या अंड्यांत वाढवतात: अंडे दिव्यासमोर धरून आतला गर्भ जिवंत असल्याचे पाहतात, कवचाला बारीक छिद्र पाडून विषाणू आत सोडतात, अंडी काही दिवस उबवून मग थंड करतात, आणि गर्भाभोवतीचा विषाणूंनी भरलेला द्रव काढून घेऊन शुद्ध करतात.