मदत हवी आहे: पहाटेचा टीईसी (उपग्रह ते रिसीव्हर वाटेतले एकूण इलेक्ट्रॉन) आयआरआयशी (आयनोस्फिअरचं प्रमाण मॉडेल) जुळत नाही

हैदराबादच्या जीपीएस स्टेशनचा दर ३० सेकंदांचा रायनेक्स (जीपीएस नोंदींचा प्रमाण फाइल-प्रकार) डेटा, क्षितिजापासून ३०° खालचे उपग्रह गाळलेले, सगळे इलेक्ट्रॉन ज्या एका पातळ कवचात मानतो ते ३५० किमीवर. दुपारी आयआरआय-२०१६ बऱ्यापैकी जुळतं. पहाटे चारला मात्र जीपीएसचा टीईसी ६-७ टीईसीयूने (टीईसीचं एकक) जास्त.

आयआरआय २००० किमीवर थांबतं, उपग्रह २०,२०० किमीवर. मधला प्लाझ्मास्फिअर (आयनोस्फिअरच्या वरचा विरळ प्लाझ्मा) सुटतो, मान्य. पण एवढा? संशय रिसीव्हरच्या डीसीबीवर (दोन फ्रिक्वेन्सींच्या सिग्नलना उपकरणात होणाऱ्या विलंबातला फरक) आहे: १ नॅनोसेकंद चुकला की सुमारे २.८५ टीईसीयूचा फटका. डीसीबी पहाटेच्या किमान टीईसीवरून काढावा, तर प्लाझ्मास्फिअरही त्यातच गिळला जातो!

शिवाय संध्याकाळी उत्तरेचे आणि दक्षिणेचे उपग्रह वेगवेगळा उभा टीईसी (तिरक्या वाटेवरून काढलेला सरळ वरच्या दिशेचा) देतात. विषुववृत्तीय विसंगतीचं (चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉन साचण्याचं) शिखर उत्तरेला, तिथे एका कवचाचं गृहीतक कोलमडतं.

कलमन फिल्टरमध्ये (नव्या मोजमापांनी अंदाज सुधारत नेणारी गणिती पद्धत) टीईसीच्या उत्तर-दक्षिण उताराचं पद घालून डीसीबी कुणी काढलाय का? प्रोसेस नॉइज (दोन मोजमापांमध्ये अंदाज किती बदलू द्यायचा ते) किती ठेवता?