मदत हवी आहे: अल्बमच्या पानांना चिकटलेले जुने फोटो कसे सोडवायचे?

नमस्कार मंडळी. कपाट आवरताना आईबाबांचा प्रवासाचा जुना अल्बम हाती लागला आणि आवरणं तिथंच थांबलं. एका फोटोत घाटात बंद पडलेली बस, उघडं बॉनेट, आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसलेल्या बाबांच्या मांडीवर झोपलेली मी. डिझेलचा तो वास अगदी आत्ता आल्यासारखा वाटला. बाबा आता नाहीत. हा फोटो मला काहीही करून वाचवायचा आहे.

अल्बम चिकट पानांचा आहे, वर प्लॅस्टिकचं आवरण. गोंद पिवळा पडलाय, फोटो तांबूस झालेत. नखानं कड उचलून पाहिली तर कोपरा दुमडायला लागला, लगेच थांबले. मागे आईच्या अक्षरात काहीतरी लिहिलंय, कडेला नुसता ‘म’ दिसतो. तेही फाटायला नको.

दात साफ करायचा फ्लॉस, म्हणजे बारीक दोरा, फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवतात म्हणे. कुणी स्वतः केलंय का? की आधी पानासकटच ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून ठेवू? सोबत ३५ मिमी निगेटिव्हच्या पट्ट्याही सापडल्यात. त्यांवरून रंग जास्त चांगले मिळतील का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा, तोवर मी अल्बमला हात लावत नाही.