‘अपेक्षित जागा’ की ‘सरावाची जागा’?

दृष्टीच्या निवडक अवधानावर, म्हणजे दिसणाऱ्या अनेक गोष्टींतून एखादीवरच लक्ष एकवटण्यावर, मराठीत लिहिताना, वस्तू जिथे दिसण्याची शक्यता अधिक असते त्या जागेला काय म्हणावे, असा प्रश्न आला आहे. सुचवलेला ‘पूर्वानुमेय स्थान’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, पण जाणीवपूर्वक केलेली अपेक्षा आणि नकळत झालेला सराव या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकत्र कोंबल्या जातात, म्हणून मला तो अपुरा वाटतो.

मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांचे १९८० च्या सुमाराचे प्रयोग पाहू. नजर पडद्याच्या मध्यावर खिळवायची. तिथे बाण उमटतो आणि बहुतेक वेळा, सुमारे ८० टक्के, बाणाच्या बाजूलाच खूण उजळते. त्या बाजूची खूण लवकर टिपली जाते. उलट बाजूला उजळली, तर दिशा न सांगता लागतो त्याहूनही अधिक वेळ लागतो. बाण काय सांगतो हे पाहणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे इथे ‘अपेक्षित जागा’ हा शब्द चपखल बसतो.

मार्व्हिन चुन आणि युहोंग जियांग यांच्या १९९८ च्या प्रयोगात मात्र तो बसत नाही. अनेक ‘एल’ अक्षरांच्या गर्दीत आडवा पडलेला एक ‘टी’ शोधायचा होता. काही मांडण्या पुन्हा पुन्हा येत आणि त्यांत ‘टी’ दरवेळी ठरलेल्या जागीच असे. तिथे शोध लवकर लागू लागला, पण यांतल्या कोणत्या मांडण्या आधी पाहिल्या होत्या, हे लोकांना ओळखता आले नाही. ज्याची जाणीवच नाही त्याला अपेक्षा कशी म्हणावी? मराठीत हात सरावतो, तशी नजरही सरावते. म्हणून इथे मी ‘सरावाची जागा’ म्हणेन.

‘अवधान’ऐवजी सोपा ‘लक्ष’ का नको, असेही कुणी विचारेल. एरवी तो शब्द मलाही जवळचा आहे. परंतु या विषयात शोधायच्या वस्तूला ‘लक्ष्य’ म्हणतात, आणि एका ‘य’काराने वेगळे होणारे हे दोन शब्द प्रत्येक वाक्यात शेजारी आले, की वाचक अडखळतो. ‘नजर’ तर चालणारच नाही, कारण पोस्नर यांच्या प्रयोगात नजर हलतच नाही, हलते ते अवधान.

‘दुर्लक्ष’ हा शब्दही जपून वापरावा. चित्त विचलित करणारी वस्तू वारंवार एकाच जागी येत राहिली, तर तिचा अडथळा कमी होतो. मात्र लक्ष्य त्याच जागी आले, तर तेही उशिरा सापडते. ‘दुर्लक्ष’ म्हटले की हयगयीचा दोष चिकटतो, आणि इथे तर पाहणाऱ्याने काहीच चुकवलेले नसते. त्या जागेसाठी ‘वगळलेली जागा’ असा साधा शब्द मला योग्य वाटतो.